झोप लागायलाच दोन तास लागतात: जायफळाच्या दुधापलीकडचे उपाय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३८, दिवसभर कॉम्प्युटरवर काम. रात्री साडेदहाला अंथरुणावर पडता, डोळा लागता लागता साडेबारा होतात. एकदा लागली की सकाळी साडेसहाच्या गजरापर्यंत जाग नाही. रविवारी मात्र नऊपर्यंत झोपता. महिनाभर जायफळ घातलेलं दूध घेतलं, फरक पडला नाही. झोपेची गोळी नको. तर आता अश्वगंधा घ्यावी, ब्राह्मीचं तेल लावावं, की आणखी काही?

मी आयुर्वेदाची प्रॅक्टिस करते, त्यामुळे वनस्पतींबद्दल सांगणार आहेच. पण तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात कामाचे वाटले ते चार आकडे: साडेदहा, साडेबारा, साडेसहा आणि नऊ. तुमची झोप शाबूत आहे. रोज सहा तास, सलग, मध्ये न मोडता होते. गोची एवढीच की अंथरुणात तुम्ही आठ तास असता. उरलेले दोन तास कूस बदलत जागं राहण्याचा सराव होतो, आणि सराव केला की कुठलीही गोष्ट पक्की होते. हॉलमध्ये डुलक्या येतात आणि पलंगावर पाठ टेकली की टक्क जाग, हा अनुभव तुम्हालाही असेल.

आधी काही गोष्टी बाजूला काढू, कारण त्या असतील तर पुढचं सगळं व्यर्थ आहे. रात्री पडल्यावर पोटऱ्यांत सळसळ होते, पाय सारखे हलवावेसे वाटतात, उठून चाललं की बरं वाटतं, असं असेल तर रक्तातलं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन, तपासून घ्या. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन कमी असू शकतं. पायांच्या या त्रासात ते लिटरमागे ७५ मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर डॉक्टर लोह सुरू करण्याचा विचार करतात. बायकांमध्ये हे फार वेळा सापडतं आणि फार वेळा निसटतं. छातीत धडधड, हाताला कंप, वजन उतरणं असेल तर थायरॉइड बघायचा. दम्याच्या काही गोळ्या, स्टेरॉइड, सर्दीच्या नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं झोप उडवतात. त्यांची वेळ सकाळी सरकवता येते का, हे ज्यांनी लिहून दिली त्यांनाच विचारा. जोरात घोरणं, मध्येच श्वास अडकून दचकून उठणं, दिवसा पेंग येणं, हे वेगळं प्रकरण आहे. तिथे झोप आणणारं काहीही, अगदी वनस्पतीचंही, स्वतःच्या मनाने घ्यायचं नाही. यातलं तुमच्याकडे काही नाही असं धरून पुढे लिहिते.

झोप लागायला तीन गोष्टी एका वेळी जुळाव्या लागतात. पहिली, झोपेची भूक. जागेपणी मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं, ते पुरेसं साठलं की डोळे जड होतात. दुसरी, शरीराचं घड्याळ. ते सकाळच्या उजेडावर लागतं. या पहिल्या दोन गोष्टींचा दुहेरी हिशेब झोपेचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडला आणि अजूनही बहुतेक जण त्याच्यावरच चालतात. तिसरी, मनाची आणि शरीराची चाळवाचाळव थांबणं. वनस्पती जे काही करतात ते मुख्यतः या तिसऱ्या गोष्टीवर. पहिल्या दोन बिघडल्या असतील तर जायफळ बिचारं काय करणार?

तुमच्याकडे पहिल्या दोन्ही बिघडल्या आहेत. रविवारी नऊला उठलात की रात्री साडेदहापर्यंत तुम्ही फक्त साडेतेरा तास जागे असता, शिवाय सकाळचा उजेड अडीच तास उशिरा मिळाल्याने शरीराचं घड्याळही उशिराकडे सरकतं. म्हणजे रविवारची रात्र वाईट जाणारच, आणि सोमवारच्या ऑफिसचं टेन्शन म्हणून तुम्ही तिच्याकडे बघणार. संध्याकाळची डुलकीही मोजा. टीव्हीसमोर नऊ वाजता लागलेली वीस मिनिटं किंवा घरी येताना लोकलमध्ये ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंतची झोप, रात्रीच्या भुकेतून तेवढा घास काढून घेते. वामकुक्षीला माझा विरोध नाही (पुण्यात राहून तो परवडणारही नाही), पण ती दुपारी तीनच्या आत आणि वीस मिनिटांचीच. झोप लागत नसलेल्या माणसाने तीही महिनाभर बंद ठेवावी.

चहाचं वेगळं सांगते, कारण ‘मला चहाने काही होत नाही’ हे वाक्य प्रत्येक जण म्हणतो. कॅफीन अ‍ॅडिनोसिनची जागा अडवून बसतं. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, कुणाला तीन, कुणाला सात, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर त्याहून बरेच जास्त. संध्याकाळी सहाच्या चहातलं निम्मं कॅफीन अकरा वाजता तुमच्याबरोबर अंथरुणात असतं. शेवटचा चहा दुपारी दोनला. ग्रीन टी, कोला, डार्क चॉकलेट आणि डोकेदुखीच्या काही गोळ्या यांतही कॅफीन असतंच. आणि जेवणानंतरची ती जायफळ घातलेली कॉफी! चवीला उत्तम, पण झोपेच्या दृष्टीने एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेण्याचा प्रकार.

आता मुख्य उपाय. ऐकायला उलटा वाटेल: उशिरा झोपायचं. दोन आठवडे वहीत रोज चार गोष्टी लिहा. अंथरुणावर कधी पडलात, अंदाजे कधी झोप लागली, कधी जाग आली, कधी उठलात. घड्याळात बघून नाही, सकाळी आठवून, अंदाजाने. त्यावरून सरासरी झोप काढा. तुमची सहा तास आहे असं धरू. उठायची वेळ साडेसहा, ही दगडावरची रेघ. रविवार, सुट्टी, लग्नघर, काहीही असो. तिथून सहा तास मागे गेलं की साडेबारा. त्याआधी अंथरुणावर पाठ टेकायची नाही. साडेबारालाही झोप येत असेल तरच जायचं. नुसता थकवा म्हणजे झोप नव्हे. डोळे मिटायला लागणं, मान कलंडणं ही खूण.

आठवडाभर असं केलं की झोपेची भूक साठते आणि पडल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत डोळा लागायला लागतो. अंथरुणातल्या वेळेपैकी ८५ टक्क्यांहून जास्त वेळ झोप, असं आठवडाभर जमलं की पंधरा मिनिटं अलीकडे या: सव्वाबारा. पुढच्या आठवड्यात बारा. असं करत सहा आठवड्यांत तुम्ही अकरापर्यंत याल. एखाद्या टप्प्यावर पुन्हा अर्ध्या-पाऊण तासाची तळमळ सुरू झाली, तर तुमची गरज तेवढीच आहे असं समजून एक पायरी मागे जा आणि तिथेच राहा. प्रत्येकाला आठ तास लागतातच असं नाही. हिशेब कितीही कमी आला तरी साडेपाच तासांच्या खाली अंथरुणातली वेळ न्यायची नाही.

यात लोक चुकतात ती जागा ठरलेली आहे. पहिल्या चार-पाच दिवसांत दुपारी फार पेंग येते, चिडचिड होते, आणि ‘हे मला सोसत नाही’ म्हणून शनिवारी दहा तास झोपून घेतात. तिथे साठवलेली सगळी भूक एका रात्रीत खर्च होते. दुसरी चूक, साडेबारापर्यंत जागायचं म्हणून मोबाइल हातात घेणं. त्या आठवड्यात लांबचं ड्रायव्हिंग टाळा. ज्यांना फिट येतात, ज्यांना बायपोलर आहे, जे ट्रक किंवा मशीन चालवतात, त्यांनी हा उपाय डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू नये. झोप कमी झाली की यांचा त्रास उसळू शकतो.

याला जोडून एक नियम, तो १९७२ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी सांगितलेला. पलंग फक्त झोपेसाठी (आणि संसारासाठी). लॅपटॉप, हिशेब, फोनवरची भांडणं बाहेरच्या खोलीत. पडल्यावर वीस मिनिटं झाली असं वाटलं की उठायचं. ‘वाटलं की’ म्हणते, कारण मिनिटं मोजायची नाहीत; घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवा. मंद दिव्यात काहीतरी नीरस करायचं. जुना दिवाळी अंक, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या, उद्याची मेथी निवडणं. मेथी फार गुणकारी आहे, दोन जुड्या पूर्ण होत नाहीत. झोप आली की परत जायचं. रात्रीत तीन-चार वेळा करावं लागलं तरी करायचं. एका खोलीच्या घरात पलंग सोडून दुसरीकडे जायला जागा नसते, मग निदान उठून खुर्चीवर किंवा सतरंजीवर बसा. मुद्दा आडवं राहून झोपेची वाट न बघण्याचा आहे.

सकाळी उठल्यावर अर्धा तास उघड्यावरचा उजेड घ्या. खोलीतल्या ट्यूबलाइटचा उजेड दोन-तीनशे लक्स असतो, बाहेर सावलीतही तो काही हजारांत जातो. फरक इतका मोठा आहे. गॅलरीत चहा, दूध आणायला चालत, काहीही चालेल. शरीराच्या घड्याळाला हीच चावी लागते.

आता पायांकडे येते, कारण तोंडाने काही न घेता करायच्या उपायांत हा माझा सगळ्यात आवडता आहे. झोप लागण्यासाठी शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. ती उष्णता बाहेर टाकायचं काम तळहात-तळपायांच्या रक्तवाहिन्या करतात. पाय गरम असले की झोप लवकर लागते, हे स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी १९९९ मध्ये मोजून दाखवलं. म्हणून झोपायच्या साधारण दीड तास आधी बादलीत किंवा टबात ४० ते ४२ अंशांचं पाणी घ्या. थर्मामीटर नसेल तर कोपर बुडवून बघा, सोसवेल इतपत गरम हवं. घोट्याच्या वर चार बोटं येईल इतकं पाणी, पंधरा मिनिटं. किंवा त्याच वेळी दहा मिनिटांची गरम पाण्याची अंघोळ. झोपायच्या अगदी आधी केलंत तर उलटं होतं, अंग तापलेलं असताना झोप येत नाही. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात पाणी कोमट पुरे, आणि कूलर-पंखा हवाच. मधुमेहामुळे पायांची जाणीव कमी झालेली असेल तर पाण्याचा अंदाज दुसऱ्या कुणाला तरी घ्यायला सांगा, पाय भाजला तरी कळत नाही.

पाय पुसल्यावर काशाची वाटी. तळव्याला अर्धा चमचा तिळाचं तेल, खोबरेल किंवा साजूक तूप लावून वाटीच्या बुडाने टाचेकडून बोटांकडे, मग गोल गोल, एका पायाला दहा मिनिटं. जोर बेताचा. तेल सुकत आलं की वाटी चामडीला ओढते, तेव्हा दोन थेंब आणखी घ्यायचे. घासताना तळवा काळा पडतो आणि ‘बघा किती उष्णता निघाली’ असं सांगतात. तो काळेपणा काशातल्या तांब्याचा तेलाशी आणि घामाशी संयोग होऊन येतो, उष्णता मोजायचं ते साधन नाही. फायदा आहे तो लयीत चोळण्याचा आणि पाय उबदार होण्याचा. वाटी नसली तर अंगठ्याने चोळा. घरातल्या दुसऱ्या कुणी चोळून दिलं तर दुप्पट गुण. आणि नंतर पाय कापडाने कोरडे पुसल्याशिवाय फरशीवर उतरू नका, तेलकट पायांनी घसरून हाड मोडलं तर झोपेचा प्रश्न मागे पडेल.

ब्राह्मीचं तेल डोक्याला लावा, सर्दी-सायनसचा त्रास नसेल तर. काम करतं ते बहुधा चोळणं. तेल कुठल्या वनस्पतीचं यावर फार पैसे घालवू नका.

जायफळाबद्दल. पुरणपोळी खाऊन झोप येते ती जायफळाने, असं आपण सगळे मानतो. पण सणाच्या पोळीत माणशी जायफळ जेमतेम चिमूटभर येतं. तीन पोळ्या, वर तुपाची धार, भजी, भात आणि दुपारची वेळ हे खरे गुन्हेगार. तरीही थोडं जायफळ काहींना मानवतं. पाव ते अर्धा ग्रॅम, म्हणजे सहाणेवर दुधात उगाळून निघणारी दोन चिमटी पेस्ट, कपभर कोमट दुधात, झोपायच्या तासभर आधी. पूड करून महिनोन्‌महिने ठेवलेलं घेऊ नका, त्यातलं तेल उडून जातं. फरक दिसत नाही म्हणून मात्रा वाढवणं धोक्याचं आहे. एक जायफळ साधारण पाच ग्रॅमचं असतं आणि तेवढ्यात विषबाधा होऊ शकते: तोंड कोरडं, धडधड, मळमळ, भ्रम. हा परिणाम काही तासांनी सुरू होतो, त्यामुळे ‘अजून काही झालं नाही’ म्हणून आणखी घेतलं जातं. गरोदरपणी औषध म्हणून घ्यायचं नाही. बाळाच्या गुटीतही, झोपावं म्हणून जायफळाचे वेढे वाढवायचे नाहीत.

दुधाचं श्रेय थोडं कमी करते. त्यात ट्रिप्टोफॅन, म्हणजे झोपेला मदत करणारं एक अमिनो आम्ल, असतं हे खरं, पण कपभर दुधातलं फार थोडं, आणि दुधातल्याच इतर अमिनो आम्लांशी त्याची चढाओढ असते. चरकांनी झोप आणणाऱ्या पदार्थांत म्हशीच्या दुधाला अग्रस्थान दिलं आहे. मात्र झोपेच्या उपायांची त्यांची यादी वाचली तर तीत अभ्यंग आहे, स्नान आहे, अंग चोळून घेणं आहे, मनाजोगता गंध आणि आवाज, नीट घातलेलं अंथरूण आणि योग्य वेळ आहे. आपण यादीतलं पिता येण्यासारखं तेवढं उचललं. दूध पचत असेल तर जरूर घ्या, भुकेल्या पोटी झोप येत नाही हेही खरं. रात्रीचं जेवण मात्र झोपेच्या तीन तास आधी, हलकं.

अश्वगंधा तुम्हाला घेऊन बघायला हरकत नाही. चाचण्यांमध्ये तिचा उपयोग दिसतो, पण माफक, आणि सहा ते आठ आठवडे सलग घेतल्यावर. मुळाचं चूर्ण ३ ग्रॅम रात्री दुधाबरोबर, किंवा प्रमाणित अर्क ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. मुळाचंच असल्याचं लेबलवर वाचा, पानांचं नको. गरोदर स्त्रिया, थायरॉइडची गोळी घेणारे, यकृताचा आजार असलेले, मधुमेह-रक्तदाबाची किंवा गुंगीची औषधं चालू असलेले, यांनी आधी विचारायचं. क्वचित काहींना यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. अंगाला खाज, गडद लघवी, डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी बंद. दोन महिन्यांत फरक नसेल तर चालू ठेवण्यात अर्थ नाही.

तगर (अंगणातलं पांढऱ्या फुलांचं झुडूप नव्हे, त्याच नावाची वेगळी औषधी वनस्पती) १ ते ३ ग्रॅम देतात, वास उग्र, पुरावा उलटसुलट. जटामांसी हिमालयात उंचावर होणारी, दुर्मिळ होत चाललेली, म्हणून महाग आणि भेसळीची. दोन्ही वैद्याकडूनच.

सर्पगंधेबाबत मात्र कडक शब्दांत सांगते. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरचा तिचा गुण शास्त्रीय नियतकालिकात मांडला आणि जगभर ती औषध म्हणून गेली. म्हणजे ती चांगलीच ताकदवान आहे. सर्पगंधा घनवटी ‘आयुर्वेदिकच आहे’ म्हणून दुकानातून आणून घेतली जाते; रक्तदाब उतरतो, नाक चोंदतं, आणि आधीच उदास असलेल्याचं नैराश्य वाढतं. झोपेच्या कुठल्याही ‘हर्बल’ गोळीवर हे नाव आहे का ते बघा. मेलाटोनिन, म्हणजे रात्री शरीरात तयार होणारं संप्रेरक, तेही नैसर्गिक म्हणून खपतं. ते गुंगी आणण्यापेक्षा घड्याळ सरकवण्याच्या कामाचं आहे, आणि चुकीच्या वेळी घेतलं तर घड्याळही चुकीकडे सरकतं.

मन थांबत नाही, असं तुम्ही लिहिलेलं नाही; पण कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांचं ते बहुतेक असतंच. संध्याकाळी सात-आठच्या सुमारास दहा मिनिटं बसून उद्याची कामं कागदावर उतरवा, प्रत्येकासमोर पहिली पायरी काय ती लिहा. झालेल्या कामांची यादी नाही, करायच्या कामांची. अंथरुणात पडल्यावर श्वास घेताना चार, सोडताना सहा ते आठ अंक, दहा मिनिटं. किंवा भ्रामरीची पाच-सात आवर्तनं. कपालभाती आणि भस्त्रिका सकाळी करा, रात्री नको, त्यांनी जाग येते.

एकदम सगळं सुरू करू नका. पहिले दोन आठवडे नुसती वही आणि दोननंतर चहा बंद. मग झोपायची-उठायची वेळ आणि पाय. अश्वगंधा घ्यायचीच असेल तर चौथ्या आठवड्यापासून, म्हणजे गुण कशाचा ते कळेल. सहा आठवडे वेळ काटेकोर पाळूनही डोळा लागायला तासाच्या वर जात असेल, पण सुट्टीत दीडला झोपून साडेनऊला अगदी ताजेतवाने उठत असाल, तर तुमचं घड्याळच उशिराचं आहे. त्याचे उपचार उजेडाच्या वेळा बदलून होतात आणि ते झोपेच्या तज्ज्ञाकडे करायचे. जाताना वही घेऊन जा. ‘झोपच येत नाही’ यापेक्षा चौदा दिवसांचे आकडे समोर ठेवले तर त्यांना पाच मिनिटांत दिशा कळते.